खाडीपलीकडचा टॉवर

"म्याडम, तुमचं अपडेट परत पडलं."

फोन प्रमिला तांडेलचा होता आणि सगळा जोर 'तुमचं' या शब्दावर होता. कॉम्प्युटर तिचे, सेंटर तिचं, इंटरनेटची लिंक तिसऱ्याच कंपनीची. पण पडलं की ते अपडेट माझं.

"एरर काय आला?"

"तोच. टाइमआउट. चौतीस टक्क्याला गेलं आन बसलं. मी चा पिऊन आले तरी तितंच."

बोईसरच्या एका छोट्या आयटी कंपनीत मी सपोर्ट इंजिनीअर आहे. म्हणजे कोणाचंही काहीही बंद पडलं की पहिल्या शिव्या खाणारी व्यक्ती. एमआयडीसीतले कारखाने, दोनचार शाळा, पालघरमधले काही दवाखाने, अशी आमची गिऱ्हाइकं. प्रमिलाचं सेंटर त्यातलं सगळ्यात लहान आणि आवाजानं सगळ्यात मोठं.

केळव्याच्या उत्तरेला एका खाडीच्या तोंडावर कोळ्यांचं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण प्रमिलानं बजावलंय. तिथं मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर हिचं कॉम्प्युटर सेंटर. खाली बर्फाच्या लाद्या फुटतात, वर पोरं टायपिंग शिकतात, बायका सरकारी फॉर्म भरायला येतात. वीस कॉम्प्युटर तिनं एकेक करून जमवले होते आणि त्यांच्यावर कोणी कोपर टेकलेलं तिला चालत नसे.

यावेळचा मामला मात्र नेहमीचा नव्हता. आदल्या वर्षी नर्सिंगच्या ऑनलाइन परीक्षेला गावातल्या मुलींना केंद्र मिळालं नाशिकला. आदल्या दिवशी जा, कोणाकडे तरी मुक्काम करा, सकाळी पेपर द्या. निम्म्या मुली गेल्याच नाहीत. त्यात प्रमिलाची पुतणीही होती, वर्गात पहिली येणारी. तिच्या बापाची बोट समुद्रात होती आणि सोबत जायला कोणी नव्हतं. ती पोरगी वर्षभर सोड्यांसाठी कोळंबी सोलत बसली. त्यानंतर प्रमिलानं परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या मागे लागून, फोन करकरून आपल्या सेंटरला परीक्षा केंद्र म्हणून मान्यता मिळवत आणली होती. एकच अट उरली होती. सगळ्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम हवी आणि ठरलेल्या दिवशी कंपनीचा माणूस नेटवरून तपासणी करणार. तपासणीत नापास, तर यंदाही नाशिक.

तपासणीला आठवडासुद्धा उरला नव्हता आणि निम्मे कॉम्प्युटर चौतीस, एकोणीस, बावन्न अशा कुठल्या कुठल्या टक्क्यांवर जाऊन माघारी येत होते.

टाइमआउट म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी मोडलं. तसं नसतं. मोठी फाईल एका दमात येत नाही, तिचे लाखो तुकडे होऊन येतात. तुकडा पोचला की आपला कॉम्प्युटर 'मिळाला' असं उलट कळवतो. ते कळलं नाही तर पलीकडचा सर्व्हर जरा थांबतो आणि तोच तुकडा पुन्हा पाठवतो. तरी उत्तर नाही? मग आणखी जास्त वेळ थांबतो. असं काही वेळा झालं की नाद सोडतो. त्या नाद सोडण्याला टाइमआउट म्हणतात. दारावर थापा मारून कोणी उघडलं नाही म्हणून परत गेलेला पाहुणा समजा. घरचे झोपलेत, गावाला गेलेत, की पाहुणाच भलत्या दारी उभा होता, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही.

"फॉर्म भरतात, फोटो जातात, मंग अपडेटच का नाय?" प्रमिलाचा रोजचा प्रश्न.

"गळक्या नळाखाली तांब्या भरतो ना, तसं. टाकी भरत नाही."

"मंग नळ बदला!"

नळ बदलून झाला होता. आमचे साहेब, पाटकरसर, यांनी ऑफिसातल्या खुर्चीवरून एकेक उपाय सांगितला होता आणि मी एकेक करून पाहिला होता.

"राउटर बदल, सुनंदा."

"बदलला, सर."

"केबल?"

"तीही बदलली."

"मग मशीनमध्येच दोष असणार."

"वीस मशीन आहेत सर. त्यातल्या निम्म्यांवर मागच्या आठवड्यात अपडेट सुतासारखं सरळ गेलं. उरलेल्या निम्म्या काय एका रात्रीत फितूर झाल्या?"

"मग लिंकवाल्यांवर टाक."

लिंकवाल्यांवर मी आधीच टाकलं होतं. रस्त्याच्या कामात गावाकडे जाणारी फायबर तुटली, तेव्हापासून त्यांनी तात्पुरती वायरलेस लिंक दिली होती. उमरोळीच्या अंगाला, खाडीच्या पलीकडे त्यांचा उंच टॉवर. त्यावर एक अँटेना आणि इकडे बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर दुसरी. दोघी एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या. मधे खाडी. दोनतीन किलोमीटर मोकळी हवा, ना झाड ना इमारत. यापेक्षा सोपी लिंक आमच्या धंद्यात नसते. त्यांचा टेक्निशियन दुबेजी फोनवर दर वेळी एकच सांगायचा, "मॅडम, सिग्नल तो फुल है."

आणि तो खोटं बोलत नव्हता. तो बघायचा तेव्हा सिग्नल फुल असायचा.

मला वेळ पाळणारा बिघाड आवडतो. एमआयडीसीत एका ठिकाणी रोज दुपारी एकला नेटवर्क जायचं. जेवणाच्या सुट्टीत एक काका नेटवर्क स्विचचा प्लग काढून तिथं डबा गरम करायची शेगडी लावायचे. पकडले, हसलो, मिटलं. इथं मात्र लाइन एक दिवस साडेनऊच्या सुमाराला पडली, दुसऱ्या दिवशी सव्वादहाच्या पुढे, तिसऱ्या दिवशी अकराला. शाळेचा कंटाळा आलेल्या पोरासारखा तो बिघाड रोज थोडा थोडा उशिरा यायचा. विजेचा असा काही हिशेब नसतो, माणसाचा तर नसतोच. मी डोकं खाजवून खाजवून थकले.

शेवटी तपासणीच्या आदल्या दिवशी लॅपटॉप पाठीला लावला आणि स्कूटर काढली. बोईसरहून उमरोळी, पालघर असा वळसा घालत गावात पोचले. दिवाळी होऊन गेली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि माझ्या बोईसरच्या नाकाला ते दुरूनच कळलं होतं.

प्रमिला जिन्यातच उभी होती. "आल्या एकदाच्या! आज माज्यासमोर लावा नि माज्यासमोर पाडा."

सेंटर गच्च भरलं होतं. मी आत जाऊन एकेक मशीन बघत होते. नेट मस्त चालू होतं, चाचणीची छोटी फाईल क्षणात आली. मी म्हटलं, आता हिच्या देखत अपडेट लावते आणि हिचं तोंड बंद करते. पण कॉम्प्युटर मोकळे होतील तर ना.

साडेअकराच्या सुमाराला खालून कोणीतरी हाक मारली. काय म्हणाले ते मला कळलंही नाही. पोरं उठली, फॉर्म भरणाऱ्या बायका उठल्या, एक म्हातारे आजोबा आपलं आधार कार्ड टेबलावर तसंच ठेवून उठले. बघता बघता सेंटर रिकामं.

"काय झालं? कुठे चालले सगळे?"

"बोटी आल्या," प्रमिला म्हणाली. "मासली उतरवाया लागते, बर्फ लागते. आता तासदोन तास कोण येत नाय. चला, लावा अपडेट. मी रोज याच टायमाला लावते."

"रोज? पण तुमच्या वेळा तर रोज वेगळ्या दिसतात मला."

"बोटीच रोज येगल्या टायमाला येतात त्याला मी काय करू?"

"का?"

सूर्य का उगवतो असं विचारणाऱ्याकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "म्याडम, खाडीत गाल हाय, निस्ता चिखल. पाणी चढल्याबिगर बोट आत येल कशी? आन पाणी काय रोज एकाच टायमाला चढतं? काल आलं त्यापरीस आज पाऊण-एक तास उशिरा. उद्या आनखी उशिरा."

माझा हात माऊसवर तसाच राहिला. रोज पाऊण-एक तास उशिरा! माझा तो शाळाचुकार बिघाड.

"बोटी!" मी ओरडलेच. "तुमच्या बोटी लिंकच्या मधे येतात! त्यांचे वायरलेस सेट, नाहीतर डोलकाठ्या. चला गच्चीवर."

"आता आमच्या बोटींवर आल्या का तुमी?" प्रमिला म्हणाली, पण आली मागोमाग.

गच्चीवर मी लॅपटॉप मांडला आणि पिंग सुरू केलं. पिंग म्हणजे पलीकडे दर सेकंदाला 'आहेस का?' असं विचारणं आणि 'आहे' असं उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजणं. उत्तरं झटपट येत होती. खाली खाडीत बोटी एकामागून एक शिरत होत्या, झेंडे फडफडवत, इंजिनं ठकठकवत. मी एक डोळा बोटींवर आणि एक स्क्रीनवर ठेवला. पहिली बोट लिंकच्या रेषेतून गेली. 'आहे.' दुसरी गेली. 'आहे.' पाच-सहा बोटी गेल्या. पिंग एखादा झटका खाई आणि लगेच सावरे. माझा सिद्धांत माझ्याच डोळ्यांसमोर बुडत होता.

शेवटची बोट धक्क्याला लागली. खाडी रिकामी झाली. आणि तेव्हा, मधे काहीसुद्धा नसताना, उत्तरं लांबायला लागली. मग एक आलंच नाही. मग दोन. मग नुसतंच टाइमआउट, टाइमआउट, टाइमआउट.

मी मान वर केली. आले तेव्हा इथं चिखल होता. मैलभर काळा गाळ, मधे पाण्याची एक ओळ, काठावरच्या तिवरांच्या झाडांची उघडी पडलेली मुळं. आता तिथं पाणी होतं. या काठापासून त्या काठापर्यंत, तिवरांच्या गळ्यापर्यंत पाणी. वारा नव्हता. पाणी यायचं थांबलं होतं आणि जायला लागलं नव्हतं. इतकं स्थिर की त्यात ढग दिसत होते. पलीकडच्या काठाला तो लाल-पांढरा टॉवर उभा होता आणि त्याच्या पायाशी, पाण्यात, डोकं खाली करून तोच टॉवर.

दोन टॉवर.

मी खालीच बसले. गच्ची तापली होती तरी.

"काय झालं? चक्कर आली?" प्रमिलानं विचारलं.

"प्रमिलाताई, तो बघा. पाण्यातला."

आता हे वाचकांना सोपं करून सांगते, तिलाही तसंच सांगितलं. टॉवरवरून निघालेला सिग्नल सरळ आमच्या अँटेनाकडे येतो. पण तो टॉर्चच्या उजेडासारखा पसरतही असतो. त्यातला काही भाग खाली पाण्यावर पडतो आणि आरशावरून कवडसा यावा तसा उसळून आमच्याच अँटेनावर येतो. त्याला किंचित लांबचा रस्ता पडतो, म्हणून तो किंचित उशिरा पोचतो. आता झोपाळा आठवा. एकानं मागून ढकललं आणि नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्यानं पुढून ढकललं, तर दोघांचा जोर लागतो आणि झोपाळा जागचा हलत नाही. दोन सिग्नल तसे एकमेकांना खाऊन टाकतात. ओहोटीला खाली खडबडीत चिखल असतो, चिखलाचा आरसा होत नाही. पाणी चढत असताना मधेच एखादा झटका बसतो, पण पाणी पुढे सरकतं आणि सिग्नल सावरतो. मात्र उधाणाची, म्हणजे अवस-पुनवेच्या आसपासची मोठी भरती पूर्ण भरली की पाणी घटकाभर थबकतं. नेमक्या त्या उंचीला ते थबकलं, की आमचा सिग्नलही थबकतो.

"उद्या पुनव ना?" मी विचारलं.

"पुनव आजच. उद्याचं पाणी आजच्याहून मोठं."

"आणि मागच्या आठवड्यात, निम्म्या मशीन झाल्या तेव्हा?"

"तेवा अष्टमी होती. भांगाचं पाणी." भांग म्हणजे पंधरवड्याच्या मधले दिवस, जेव्हा भरती लहानशीच येते आणि गाळ पुरता झाकतही नाही. तिनं हे सांगितलं आणि सांगता सांगता तिच्याच चेहऱ्यावर उजाडलं. "आगं आई! म्हंजे नेमकी लाइन मरते तेवाच मी रोज अपडेट लावत होते? बोटी येतील, शेंटर मोकलं होईल, म्हणून वाट बगून बगून?"

"हो."

"आन पंधरा दिवस मी तुमाला शिव्या घातल्या!"

"मला बोईसरला ऐकू येत होत्या."

ती हसायला लागली. मला मात्र हसू येईना. माझे वडील कऱ्हाडहून बोईसरला कारखान्यात लागले, माझा जन्म इथला. समुद्र म्हणजे रविवारी केळव्याला जाऊन पाय भिजवायचे आणि भेळ खायची, एवढाच माझा संबंध. पाणी येतं-जातं हे पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. पण कुठे तो चंद्र, दिवसाउजेडी दिसतसुद्धा नाही, आणि तो अख्खा समुद्र उचलून या खाडीत आणून ठेवतो, बोटींना दार उघडून देतो, एक गाव कामाला लावतो, आणि जाता जाता वरच्या मजल्यावरचं माझं अपडेट चौतीस टक्क्यांवर धरून ठेवतो. पंधरा दिवस मी ज्याला राउटरचा बिघाड म्हणत होते तो हा होता. हात जोडावेसे वाटले आणि कोणाला जोडायचे ते कळेना, म्हणून मी पिंग बंद केलं.

पण नुसतं थक्क होऊन अपडेट होत नाही. दुपारनंतर पाणी उतरायला लागलं तशी लाइन परत आली. एकेका मशीननं वेगवेगळं अपडेट ओढत बसायला वेळ नव्हता. मी एकाच मशीनला ते ओढायला लावलं. एकानं बाजार करायचा आणि घरात सगळ्यांना वाटायचं. बाकीच्या मशीन ते सेंटरच्या आतल्या केबलमधूनच घेणार, त्यांना खाडी ओलांडायची गरज नाही. परत आलेल्या पोरांना प्रमिलानं जिन्यातूनच हाकललं. "आज शेंटर बंद! कोणी मोबाइलसुदा जोडायचा नाय आमच्या नेटला!"

आकडा चौतीसला आला तेव्हा आम्ही दोघी स्क्रीनजवळ सरकलो. पस्तीस झाला. प्रमिलानं स्क्रीनला हात लावून कपाळाला लावला. दिवेलागणीपर्यंत वीसच्या वीस मशीन नव्या झाल्या होत्या.

मी परीक्षेच्या कंपनीला कळवलं. तिथले साहेब म्हणाले, "उत्तम. उद्या बारा ते एक तुमचा स्लॉट. वीसही मशीन सलग एक तास आमच्या सर्व्हरला जोडलेल्या राहायला हव्यात. लाइन तुटली की नापास."

"बारा ते एक?" मी प्रमिलाकडे बघितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. उद्या पाणी पुरतं भरणार ते साडेबारा-एकलाच. "साहेब, संध्याकाळचा स्लॉट मिळेल का?"

"सगळ्या राज्याचे स्लॉट ठरलेत, मॅडम. तुमची काय अडचण आहे?"

पुनवेची भरती आहे असं मी सांगितलं असतं, पण तो माणूस पुण्यातून बोलत होता.

पाटकरसरांना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुनंदा, तू जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुबेजी शिडी घेऊन हजर. ओहोटी होती. त्यानं आपलं यंत्र लावून मला दाखवलं. "देखिए मॅडम, फुल है. मैंने खुद दो घंटा टेस्ट करके लिंक दिया था."

"कवा दिला होता?" प्रमिलानं मधेच विचारलं. त्यानं दिवस सांगितला. तिनं बोटांवर तिथी मोजली. "भांग होता. खाडी आरदी सुकी होती तेवा. बारा वाजता बगा, दुबेजी, तुमचा फुल कुटं जातो."

मी त्याला समोरचा चिखल दाखवला आणि काल तिथं काय होतं ते सांगितलं. दोन टॉवरची गोष्ट सांगितली. तो खाडीकडे बघत राहिला. दर भरतीला ओली होणारी तिवरांवरची रेघ बघितली, आणि मग हळूच म्हणाला, "इतना पानी चढ़ता है?" तो गोरखपूरकडचा. त्याच्या नदीचं पाणी वर्षातून एकदा चढतं.

"अँटेना को टावर दिखना चाहिए," मी म्हटलं, "पानी नहीं दिखना चाहिए."

एवढं सांगितलं आणि पुढचं तो माझ्याहून भराभर समजला. अँटेना गच्चीच्या अगदी पुढच्या कडेला, खाडीवर झुकल्यासारखी बसवली होती. सगळेच तशी बसवतात, जितकी पुढे तितकी चांगली म्हणून. आम्ही ती मागे न्यायची ठरवली. गच्चीच्या मागच्या अंगाला, खालच्या उंचीवर, म्हणजे गच्चीचा कठडाच खाडीच्या पाण्याला आडवा येईल आणि उंच टॉवर मात्र कठड्यावरून दिसेल. पण नेमकी किती खाली? दुबेजी पाइप धरून उभा राहिला आणि प्रमिला त्याच्या बाजूला उकिडवी बसून, अँटेना येणार त्या जागी डोळा लावून, तिवरांवरच्या रेघेपर्यंत पाणी आहे असं धरून सांगत होती.

"दिसतो टॉवर. पाणी पन दिसते. आनखी खाली... आनखी... थांबा! टॉवर हाय, पाणी नाय."

"पक्का?"

"पक्का म्हंजे? माजा नवरा बोटीवरून आला का नाय ते मी हितूनच बगते, कितीक वर्सं."

तिथं पाइपला खूण केली, अँटेना बसवली, तिचं तोंड जुळवलं. सिग्नल आला, पण पूर्वीपेक्षा किंचित कमी. दुबेजीनं माझ्याकडे बघितलं. त्याचं फुल आता फुल राहिलं नव्हतं. आणि हे चाललं की नाही ते कळायला एकच उपाय होता. पाणी आणायचं. ते आमच्या हातात नव्हतं. ते साडेबाराला येणार होतं, तपासणीच्या ऐन मध्यावर.

बारा वाजता प्रमिला खाली मशीनसमोर बसली, नवी साडी नेसून. परीक्षेच्या कंपनीतल्या साहेबांचा आवाज स्पीकरवर होता. मी आणि दुबेजी गच्चीवर पिंग लावून.

पाणी आलं. काल मी ते आलेलं बघितलंच नव्हतं, स्क्रीनकडे आणि बोटींकडे बघत होते. आज बघितलं. आवाज न करता, घाई न करता येत होतं. आधी मधली ओळ रुंद झाली. मग गाळातल्या वाटा भरल्या, मग वाटांमधले उंचवटे एकेक करून नाहीसे झाले. बोटी आल्या. बघता बघता कालची रेघ ओलांडून पाणी तिवरांच्या शेंड्यांना टेकलं. आणि थबकलं. पाण्यात उलटा टॉवर उभा राहिला, कालच्यापेक्षाही स्पष्ट.

"आहे," पिंग सांगत होतं. "आहे. आहे." एक उत्तर लांबलं. दुबेजीनं माझा दंड धरला आणि लगेच सोडला. "आहे. आहे. आहे."

इतकं मोठं काहीतरी माझ्यासमोर भरून उभं होतं आणि दर सेकंदाला एक बारीकसं उत्तर त्याच्यावरून अलगद येत होतं. मी किती लिंक जोडल्या असतील या नोकरीत. हवेतून काहीतरी येतं-जातं हे रोज बघते. पण त्या दुपारी पहिल्यांदा मला ते खरोखर येताना दिसलं असं वाटलं.

एक वाजून गेला तेव्हा जिन्यातून आधी प्रमिलाचा आवाज आला आणि मागून प्रमिला. ती काय ओरडत होती ते शब्द आठवत नाहीत. तिनं आधी मला मिठी मारली, मग तशीच दुबेजीला मारायला निघाली आणि ऐन वेळी भानावर येऊन त्याच्या हातात पापलेटांची पिशवी ठेवली. दुबेजी शाकाहारी. त्यानं दोन्ही हातांनी घेतली.

ऑफिसात तक्रारीचं टिकेट बंद करताना मूळ कारण लिहावं लागतं. हार्डवेअर, सॉफ्टवेअर, वीज, मानवी चूक आणि इतर, एवढेच पर्याय. मी 'इतर' निवडून पुढे 'चंद्र' असं लिहिलं. पाच मिनिटांत पाटकरसर टेबलाशी.

"हे काय आहे?"

"कारण, सर."

"बरं. हे पुन्हा होईल का?"

"रोज दोनदा होईल, सर. आपण आता त्याच्या वाटेत नाही, एवढंच."

परीक्षा महिनाभरानं झाली. योगायोग म्हणा, ती वेळही भरतीचीच आली. मला राहवेना म्हणून गेले. वर वीस मुली पेपर लिहीत होत्या, तिसऱ्या रांगेत प्रमिलाची पुतणी. बोटी आल्या. खाली धक्क्यावर मासळीचा लिलाव असतो, आणि तो म्हणजे अख्खा गाव एकदम भांडतोय असा आवाज. त्या दिवशी प्रमिला टोपल्यांच्या मधे तोंडावर बोट ठेवून उभी होती. बायका बोटं दाखवून भाव बोलत होत्या, बर्फ फोडणारे लाद्यांवर गोणपाट टाकून फोडत होते. कोळीवाड्याचा लिलाव कुजबुजत झालेला मी तेवढाच पाहिला. वर पिंग चालू होतं.

पुतणी आता पालघरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आणि आमच्या कंपनीच्या नव्या साइटच्या पाहणीत एक प्रश्न माझ्या हट्टानं वाढला आहे, 'भरतीच्या वेळी जागा पाहिली का?' एमआयडीसीतली आमची पोरं कंटाळून त्यापुढे 'लागू नाही' असं लिहितात. मी ते खोडून त्यांना परत पाठवते. त्यांना वाटतं मॅडमचं वय झालं.